पट्टीखालची ओळ

दुपारी दीडच्या सुमाराला तिच्या चष्म्याच्या उजव्या काडीचा स्क्रू पडला. कुठे पडला ते बघायला चष्माच हवा होता, म्हणून शोधायच्या भानगडीत ती पडली नाही. टेबलावर अजून बावीस कागद वाचायचे होते आणि चष्म्यावाचून तिला स्वतःच्या हातावरच्या रेषासुद्धा दिसत नसत. समोरच्या टेबलावरून मास्तर म्हणाले, "बाई, मागच्या गल्लीत जिन्याखाली एक नवा चष्मेवाला बसायला लागलाय. हात चांगला आहे त्याचा. जाऊन या, कागद काही पळून जात नाहीत." मास्तर खरोखरीचे मास्तर होते. तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. मग शाळाही गेली आणि भूगोलही बदलला, असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. ती उठली. एका हातात चष्मा, दुसरा हात भिंतीला, अशी दोन जिने उतरून ती रस्त्यावर आली तेव्हा सगळं शहर कुणीतरी ओल्या फडक्याने पुसल्यासारखं झालं होतं. गंमत म्हणजे तसं ते बरं दिसत होतं. वाळूची पोती दिसत नव्हती, खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेल्या कागदी फुल्या दिसत नव्हत्या, रांगेतल्या बायकांचे चेहरे दिसत नव्हते. नुसते रंग होते, आणि रंगांना काही झालेलं नव्हतं.

चष्मेवाल्याचाही तिला रंगच दिसला. राखाडी स्वेटर आणि त्याच्यावर एक फिकट गोल. "बसा ताई," तो गोल म्हणाला, आणि एक स्टूल तिच्या गुडघ्याला लागलं. त्याने चष्मा हातात घेतला, काडी दोनदा उघडली, मिटली. "नुसता स्क्रू नाही, खाचच झिजलीय. दिवसातनं फार काढता-घालता वाटतं?" ती म्हणाली, वाचायचं काम आहे. "कसलं?" "कारकुनी," ती म्हणाली. कार्यालयाचं नाव बाहेर सांगायचं नाही असा नियम होता, आणि नियम मोडायची तिला सवय नव्हती. तो काहीतरी घासायला लागला. बारीक किरकिर आवाज येत होता. करायला काही नव्हतं म्हणून ती त्याच्या मागच्या फळीकडे बघत बसली. फळीवर चष्म्यांचे सांगाडे टांगलेले असावेत, आणि त्यांच्या मधोमध एक पांढरा चौकोन होता. चौकोनाच्या पोटातून एक काळी रेघ गेलेली. दुकानाची जाहिरात असेल, किंवा सुट्टीची पाटी. "त्याच्याकडे बघताय होय?" तो म्हणाला. मान वर न करताच म्हणाला, कारण किरकिर थांबली नाही. "ते वाचता येत नाही कुणाला. भावाचं पत्र आहे. नदीपलीकडनं आलेलं. मधली ओळ त्या निरोपवाल्यांनी, पत्रं तपासून पोचवतात त्यांनी, खाल्लीय. माझ्याकडे चौदा भिंगं शिल्लक आहेत, चौदाही लावून बघितली. उन्हात धरून बघितलं, मागनं दिवा लावून बघितलं. काही दिसत नाही. शाई चांगली वापरतात."

असे कागद घरोघर होते, त्यात नवल नव्हतं. तोच बोलत राहिला. एकट्याने काम करणारी माणसं बोलतात तसा, समोरच्याला उत्तराची सक्ती न करता. पलीकडे त्याचा मोठा भाऊ आणि आई. अलीकडच्या एका गावात तो, बायको, नऊ वर्षांची मुलगी. भावाचं घर पुलाच्या अगदी तोंडाशी, खिडकीतून पूल दिसतो. त्याने लिहिलं, लगेच या. म्हणून निघाले. "मी मागे होतो. हातगाडीवर काचा होत्या ना, फुटतील म्हणून सावकाश ढकलत होतो. बायको म्हणाली, आम्ही होतो पुढे, आजीला हाक मारतो." किरकिर थांबली. "पूल मधोमध गेला. दोघी मधोमध होत्या. माझी एक काच फुटली नाही बघा." मग त्याने फुंकर मारली, फडक्याने पुसलं, आणि वाकून, दोन्ही हातांनी, चष्मा तिच्या नाकावर बसवला. आधी त्याचा चेहरा जागेवर आला, चाळिशीतला, दाढीचे खुंट वाढलेला, डोळ्यांखाली सुजलेला. त्याच्या खांद्यावरून फळी जागेवर आली. आणि फळीवरची काळी पट्टी जागेवर आली. पट्टीला शेपूट होतं.

खोडायची प्रत्येकाची एक रीत असते. मास्तर फूटपट्टी लावून खोडत, शाळेतल्या समासासारखं सरळ. ती आधी वर-खाली दोन बारीक रेघा ओढी, मग मधलं भरत जाई आणि शेवटी पेन उचलताना एक फटकारा वर जाई. मास्तर तिला चिडवत, बाई, तुमची पट्टी आहे की पाल. त्या फटकाऱ्याकडे बघत ती स्टुलावर बसून राहिली. तो म्हणाला, "दिसतंय ना नीट? वाचून दाखवा की काहीतरी." फळीवरचा कागद सोडला तर वाचायला तिथे काही नव्हतं. तिने वाचलं, मोठ्याने, कारण न वाचण्याचं कारण तिला सुचेना. "आई रोज तुमचं विचारते. आता थांबू नका, लगेच या." मग पट्टी. "पोरीला गरम कपडे घाला. तुमच्यासाठी आतली खोली रिकामी केली आहे." तो म्हणाला, बरोबर, दिसतंय तुम्हाला. आणि पट्टीच्या जागी, आवाज न करता, तिच्या तोंडात ती ओळ आपोआप आली. तशीच्या तशी. पण पुलावरून येऊ नका, पूल ठेवणार नाहीत असं इथे बोलतात, खालच्या बंधाऱ्याने या.

"त्याला खिडकीतनं दिसत होतं सगळं," चष्मेवाला म्हणाला. "काय चाललंय त्याला कळलं नसेल? तरी म्हणतो लगेच या. कालच कागद टाकून आलो त्या कार्यालयात. लिहिलंय त्याला काय लिहायचं ते." त्याने मजुरी सांगितली, तिने दिली, आणि परतताना सगळं शहर तिला स्पष्ट दिसत होतं.

खोडलेलं कुठेही उतरवून ठेवायचं नाही, हा कार्यालयाचा पहिला नियम. प्रत नाही, वही नाही. उद्या कुणी येऊन कपाटं फोडली तरी त्यात काही सापडू नये म्हणून. पट्टीखाली काय होतं ते फक्त खोडणाऱ्याला ठाऊक, आणि त्यानेही विसरायचं. नदीच्या अलीकडले आणि पलीकडले, दोन्हीकडचे कागद याच खोलीत वाचले जात. आधी ती, मग मास्तर. फक्त घरचं लिहायचं: कोण आजारी, कोण बरं, कोण जन्मलं, कोण गेलं. रस्ता नको, पूल नको, शिपाई नकोत, कोण जिंकेल ते नको. मग आठवड्यातून एकदा पोत्याचं तोंड बांधायचं, बरोबर अकराला, आणि कार्यालयाची पांढरी गाडी निघायची. वाटेत चौकीवर दोन्हीकडचे शिपाई पोती उघडून हाताला लागेल तो कागद वाचत. अडीच वर्षांपूर्वी त्यांना एक कागद सापडला होता. कुणीतरी आपल्या सासऱ्याला लिहिलं होतं, टाकीजवळच्या वाटेने जाऊ नका, तिथे माणसं लपली आहेत. तेव्हा ती नव्हती या खोलीत, दुसरी एक बाई होती, तिने दया म्हणून ती ओळ सोडली होती. गाडी चार महिने बंद झाली. अकरा हजार कागद पोत्यांतून तसेच पडून राहिले.

त्या अकरा हजारांत एक तिच्या नदीपलीकडच्या बहिणीचा होता. आई गेल्याचा. ते चार महिने ती दर आठवड्याला आईला लिहीत होती, कागद पडून राहतात हे ठाऊक असूनही लिहीत होती: गुडघ्याला तेल लावतेस ना, गोळ्या जेवणानंतर घे, आधी नको. गाडी सुरू झाली तेव्हा एकाच दिवशी तिला बहिणीचे सहा कागद मिळाले, आणि उलटसुलट क्रमाने मिळाले. आधी वाचलं की आईची खोली आता भाड्याने दिली आहे. तिला वाटलं आई बहिणीच्या खोलीत झोपत असेल. मग वाचलं की वर्षश्राद्ध कसं करायचं ते बघू. तरीही एक क्षण तिने दुसऱ्या कुणाचं तरी वर्षश्राद्ध मनात धरलं. त्याच महिन्यात ती या खोलीत कामाला लागली. मास्तरांनी नियमांचा कागद हातात दिला तेव्हा तिला तो नियमांचा वाटलाच नाही. असं काही होऊ द्यायचं नाही, एवढंच तिने त्यात वाचलं. आपल्या हातून गाडी थांबायची नाही. डोळ्यांत तेल घालून ती वाचत होती, दोन वर्षं, रोज चाळीस कागद, आणि गाडी एकदाही थांबली नव्हती.

ती ओळ खोडली त्या दिवशी पलीकडचं पोतं उशिरा आलं होतं. साडेदहा वाजून गेले होते. हे सगळं तिला आता असं आठवत होतं की जणू कुणी तिच्याच डोक्यात कोरून ठेवलं होतं आणि वर फक्त कापड टाकलं होतं. चष्मेवाल्याच्या भावाचा कागद शेवटून तिसरा होता. पुलाची ओळ सोडायचा प्रश्नच नव्हता. पूल ठेवणार नाहीत हे वाक्य चौकीवर सापडलं असतं तर गाडी चार महिने काय, कायमची गेली असती. खोडलंच पाहिजे. पण नियमांच्या कागदावर, खालून दुसरा, आणखी एक नियम होता: खोडल्याने उरलेल्याचा अर्थ फिरत असेल तर खोडू नये, कागद लिहिणाऱ्याकडे परत पाठवावा आणि पुन्हा लिहून घ्यावा. परत पाठवायचा म्हणजे पुढच्या आठवड्याची गाडी, आणि लिहून परत यायचा म्हणजे त्याच्या पुढच्या. दोन आठवडे. तिने वाचलं, पोरीला गरम कपडे घाला. थंडी सुरू झाली होती. म्हातारी रोज विचारत होती. उलटसुलट क्रमाने आलेले ते सहा कागद तिच्या मनात आले असावेत. दोन आठवडे कशाला अडवायचं या लोकांचं, असं तिला वाटलं. तिने दोन बारीक रेघा ओढल्या, मधलं भरलं, फटकारा मारला, आणि कागद मास्तरांच्या ट्रेमध्ये टाकला. मास्तरांना वरचं आणि खालचं दिसलं, मधलं दिसायचा प्रश्न नव्हता. त्यांनी शिक्का मारला. अकराला तिने पोतं बांधलं आणि आपण कुणाचे तरी दोन आठवडे वाचवले, असं वाटून त्या दिवशी तिने चहात साखर जास्त घातली.

आणि पूल पडल्याची बातमी आली त्या दिवशी? ती टेबलाशी येऊन बसली आणि हा प्रश्न तिने स्वतःला विचारला. आठवलं नव्हतं, असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती. पण बातमी ऐकताना तिने हातातलं पेन खाली ठेवलं होतं. उठून खिडकी लावली होती. खिडकी लावायचं काही कारण नव्हतं. तेवढ्यात काहीतरी मनाच्या दाराशी आलं होतं आणि तिने ते आत घेतलं नव्हतं, एवढं तिला आता सांगता येत होतं.

चष्मेवाल्याचा कागद उरलेल्या बावीसांत होता. चौदावा. अक्षर बारीक आणि सरळ, काचेवर काम करणाऱ्या माणसाचं. "दादा, तू बोलावलंस म्हणून निघालो. दोघी गेल्या. मी मागे होतो म्हणून राहिलो. आईला सांग किंवा सांगू नकोस. मला आता भाऊ नाही. परत लिहू नकोस." तिने तीनदा वाचलं. खोडण्यासारखं एक अक्षर नव्हतं. रस्ता नाही, पूल नाही, शिपाई नाहीत. सगळं घरचंच होतं. असा स्वच्छ कागद कित्येक दिवसांत तिच्या हाताखालून गेला नव्हता. पलीकडे पुलाच्या तोंडाशी राहणारा एक माणूस, ज्याने होतं ते सगळं लिहिलं होतं आणि आतली खोली रिकामी केली होती, तो हा कागद वाचणार होता आणि त्याला कधीच कळणार नव्हतं की आपली ओळ पोचलीच नाही. तो म्हणेल, मी सांगितलं होतं. तो म्हणेल, मी सांगितलं तरी पुलावरून का आले. दोघे भाऊ दोन काठांवर म्हातारे होतील, एकमेकांना शिव्या देत, आणि मधली ओळ जगात फक्त एका कारकून बाईच्या डोक्यात राहील. ती मेली की तिथूनही जाईल. "काय हो बाई," मास्तर म्हणाले, "चष्मा बसला नाही का नीट?" "बसला," ती म्हणाली. तिने घड्याळाकडे पाहिलं. उद्या गाडीचा दिवस. मग तिने आजवर कधी केलं नव्हतं ते केलं: कागदाची घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. एक कोरा कागदही बरोबर घेतला. मास्तर तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. निदान तिला तसं वाटलं.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने विचारलं, काय झालंय. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वीज दिवसातून तीन तास असल्यापासून लोक लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसत, त्यामुळे घरी असायचा आणि घरातल्या कुणाचंही काही बिनसलं की त्याला ते उघडून बघायचं असायचं. तिने सांगितलं. नावं-गावं न घेता, तरी सगळं सांगितलं. तो चावायचा थांबला. "नियम तू केलास?" "नाही." "ती ओळ सोडली असतीस तर?" "गाडी बंद झाली असती. कदाचित." "मग? तुझं काय चुकलं?" ती म्हणाली, "परत पाठवायला हवा होता. अर्थ फिरत होता." "दोन आठवड्यांनी गेला असता. तोवर ते तसेही निघाले असते, कुणी सांगावं. लोक निघायचे ते निघतातच." तो तिला उचलून धरत होता, आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. म्हणूनच तिला त्याचा राग आला. आपल्या बाजूचं सगळं बोलणं तयार होतं, बिनतोड होतं, एखाद्या चांगल्या वकिलाने लिहून द्यावं तसं, आणि त्यात फक्त दोन माणसं बसत नव्हती. "आता सांगून त्याला काय मिळणार?" नवरा म्हणाला. "भाऊ मिळेल," ती म्हणाली. "आणि तुला?" तिने ताट उचललं.

सकाळी नऊला ती जिन्याखाली गेली. चष्मेवाला नुकताच फळी टांगत होता, आणि तिला बघून त्याच्या तोंडावर व्यवसायातलं हसू आलं. "सैल झाला का परत?" ती स्टुलावर बसली. रात्रभर वाक्यं जुळवली होती, पण त्यातलं एकही तिने वापरलं नाही. म्हणाली, "त्या कार्यालयात मी असते. ही पट्टी मी मारली आहे. तिच्याखाली काय होतं ते मला पाठ आहे." त्याच्या हातात एक काडी होती, ती त्याने हळूच, फुटणारी वस्तू ठेवावी तशी, ट्रेमध्ये ठेवली. तिने ओळ सांगितली. रस्त्यावरून दोन बायका बादल्या घेऊन गेल्या. तो म्हणाला, "पुन्हा सांगा." तिने पुन्हा सांगितली. "पुलावरनं नको, असं म्हणाला की येऊ नका, असं?" "येऊ नका." "खालच्या बंधाऱ्यानं?" "हो." तो मान हलवत राहिला. "तिथनंच पोहायला जायचो आम्ही. मला बुडवायचा तिथे. खालचा बंधारा म्हणतो फक्त तोच. गावात सगळे जुना म्हणतात." मग त्याने तोंड फिरवलं आणि फळीला टेकून उभा राहिला. टांगलेले चष्मे हलले. ती उठली नाही.

तो पाठमोराच म्हणाला, "तुम्हाला कधी कळलं?" काल, असं म्हणणं सोपं होतं. "काल पट्टी बघितली," ती म्हणाली, "पण पूल पडला त्या दिवशी एकदा मनात येऊ लागलं होतं. मी येऊ दिलं नाही." तो वळला. डोळे कोरडेच होते. "हे मला सांगून बरं वाटलं का तुम्हाला?" "नाही." "मला वाटलं, वाटलं असेल." तिने पर्समधून त्याचा कागद काढून पुढे धरला, हा आज जायचा आहे, म्हणाली, नको असेल तर दुसरा लिहा. कोरा कागद तिच्या मांडीवर होता. त्याने जुना घेतला, उघडून वाचला आणि भिंगांच्या डब्यात, तळाशी घातला. फाडला नाही. मग त्याने स्वतःचे हात तिला दाखवले. बोटं थरथरत होती. "आज काही अक्षर निघायचं नाही. तुम्हीच लिहा. लिहिता ना कधी, की नुसतंच खोडता?"

तिने गुडघ्यावर त्याचा ट्रे उपडा घेतला आणि वर कागद ठेवला. त्याने सांगितलं, ती लिहीत गेली. "दादा, तुझी ओळ मला आज मिळाली." तो थांबला. "चालतं ना हे? यात रस्ता नाही, काही नाही." चालतं, ती म्हणाली. "तुझी काही चूक नाही. दोघी आता नाहीत, ते तुला तिकडूनच दिसलं असेल. आईला सांभाळ. मी जमेल तेव्हा येईन." मग तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला. "आता लिहा, जिनं ओळ खोडली होती तिनंच ती दुकानात येऊन सांगितली." तिचं पेन थांबलं. कार्यालयाबद्दल कागदात काही लिहायचं नसतं. आणि लिहिलं तर मास्तर विचारणार, मास्तरांनी विचारलं की वरचा साहेब विचारणार. कागद बाहेर नेला, ओळ पाठ ठेवली, पट्टीखालचं बाहेर सांगितलं. नोकरी तर गेलीच. "त्याला वाटेल मी मनानंच काढलं," तो म्हणाला, "समजूत घालतोय म्हणेल. लहानपणापासनं तो मला खोटारडा म्हणत आलाय. कुणीतरी सांगितलं हे त्याला कळलं पाहिजे. नाहीतर नाही पटायचं त्याला." तिने लिहिलं. तो वाकून अक्षर न् अक्षर बघत होता. त्याने खाली सही केली, थरथरती. "जसाच्या तसा जाईल ना?" "जाईल," ती म्हणाली. "तुमच्या आईची शपथ घ्या," तो म्हणाला. आई नाही, हे ती बोलली नाही. तिने शपथ घेतली.

दहा वाजता ती टेबलाशी होती. एवढं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि तेवढीच भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच जागी, छातीच्या खाली. काय व्हायचं ते होवो. तिने तो कागद पहिल्या वाचनाचा म्हणून सही करून मास्तरांच्या ट्रेमध्ये ठेवला, बाकीच्या कागदांच्या मधे नाही, सगळ्यांच्या वर. मास्तरांनी चष्मा पुसला. कागद उचलला. वाचायला त्यांना जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ त्यांनी तो हातात धरला. अक्षर तर ते ओळखतच होते, दोन वर्षं समोरासमोर बसत होते दोघं. त्यांनी वर पाहिलं नाही. खण उघडला, फूटपट्टी काढली, ओळीखाली लावली आणि पेनाने शेवटची ओळ सावकाश, कड जराही बाहेर न जाऊ देता, काळी केली. वाळावी म्हणून फुंकर मारली. "कार्यालयाबद्दल काही नको, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला काय सांगायचं. घर आहे तुम्हाला." आणि त्यांनी शिक्का मारला, कागद गाडीच्या गठ्ठ्यात सरकवला आणि पुढचा उचलला.

तिला हायसं वाटलं. हे तिला लपवता येईना, स्वतःपासूनही नाही. सगळं अंग सैल झालं, ताप उतरावा तसं, आणि तळहाताला घाम आला. पलीकडे तो भाऊ खिडकीशी बसून वाचेल, तुझी ओळ मला आज मिळाली, आणि खाली पट्टी बघेल. उन्हात धरेल. मागून दिवा लावेल. धाकटा खोटंच बोलतोय, समजूत घालतोय म्हणेल, कदाचित म्हणणारही नाही. ते आता तिच्या हातात नव्हतं. म्हणजे होतं. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. कोरे कागद डाव्या खणात होते. चष्मेवाला हाकेच्या अंतरावर होता, दोन जिने आणि एक गल्ली. पुन्हा लिहून घेऊन, खाली स्वतःची सही करून, परत येऊन मास्तरांच्या हातात न देता सरळ पोत्यात टाकायला पंधरा मिनिटं पुरली असती. या वेळी वेळ होता. तिने पुढचा कागद उचलला. कुणाला तरी जुळी झाली होती, दोन्ही मुली, वजन चांगलं होतं. खोडण्यासारखं काही नव्हतं. तिने सही केली आणि त्याच्या पुढचा उचलला, आणि त्याच्या पुढचा, आणि मान वर केली तेव्हा अकराला पाच कमी होती आणि मास्तर पोत्याची दोरी तिच्यापुढे धरून उभे होते. तिने गाठ मारली.